कपाटावरचा डबा

राउटरचे सगळे दिवे हिरवे होते आणि घरात एकही साइट उघडत नव्हती. मुलगी उद्या तिच्या नोकरीच्या गावी परत जाणार होती. मग एकट्या आईला तिचा चेहरा दिसणार तो टॅबवरच. हे आजच्या आज निस्तरणं भाग होतं.

दोष सापडला तो कपाटावर. साइटचं नाव टाइप केलं की त्या नावामागचा आकडी पत्ता कुणीतरी शोधून द्यावा लागतो. इतर घरांत ते काम नेट पुरवणारी कंपनी करते. इथे बाबांनी त्यासाठी एक छोटा कंप्युटर ठेवला होता. आई त्याला डबा म्हणायची. बाबांमागोमाग डब्यानेही मान टाकली होती.

"दुरुस्त नाही का व्हायचा?" आईने बाहेरून विचारलं.

"नाही गं, जळलाय."

"त्यांच्या हातचा होता."

राउटरच्या सेटिंगमध्ये डब्याचा पत्ता अजून तसाच होता. तो खोडताना मुलीचं बोट रेंगाळलं. मग तिने तिथे कंपनीचा आकडा भरला आणि 'सेव्ह' दाबलं.

"आलं, आलं!" आई ओरडली. थोड्या वेळाने म्हणाली, "अगबाई! ही कशी उघडली?"

"कोणती?"

"स्थळांची गं. दोन वर्षं मेली उघडत नव्हती. हे म्हणाले, कंपनी बुडाली, मालक पळून गेला."

मुलीचा हात माउसवरच राहिला. साइट चांगली धडधाकट होती. त्या साइटचं नाव आलं की डबाच कानावर हात ठेवत असणार, आणि त्याला ते शिकवणारा माणूस घरात एकच होता. लग्नावरून मायलेकींची जुंपली की बाबा पेपरमागे तोंड लपवायचे. हा माणूस अंग चोरतो, असंच तिला वाटत आलं होतं.

ते नाव पुन्हा अडवणं राउटरमध्ये एका ओळीचं काम होतं. तिने ती ओळ लिहिलीही. बाहेर आई चष्मा शोधत स्वतःशीच पुटपुटत होती. बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात धांदल होती. मुलीने ओळ पुसली.

"अगं, सगळी माहिती परत भरायला सांगतायत. उंची किती घालू?"

"आहे तेवढीच घाल."

"वाढवून घालत नाहीये बाई. आणि वडील काय करतात विचारलंय." आईने चष्मा सारखा केला. "काय लिहू?"

मुलगी बाहेर येऊन तिच्याशेजारी बसली.

"निवृत्त लिही."

आई एकेक अक्षर शोधत गेली. 'त'ला 'त' काही जोडता येईना. मुलीने टॅब हातात घेतला आणि शब्द पुरा केला.