माझ्या तोंडावरचे झाकण

मित्रांनो, गव्हाच्या पेंढ्या गिळून एकीकडे दाणे आणि दुसरीकडे भुसा टाकणारे मी एक मळणी यंत्र आहे. रंग उडाला आहे, पण पोट अजून मजबूत आहे. तुमच्याशी बोलताना मात्र मान वर होत नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या तोंडावर, म्हणजे पेंढ्या आत सरकवायच्या जागेवर, पत्र्याचे लांब झाकण होते. त्यामुळे आतल्या फिरत्या दातांपर्यंत कुणाचा हात पोचत नसे. पण माझ्या मालकांना, दादांना, कामाची भारी घाई. झाकणात पेंढ्या अडकतात म्हणून त्यांनी ते काढून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकले. काम झपाट्याने उरकू लागले. "यंत्र कसलं, राक्षस आहे," असे शेजारी म्हणत आणि मी फुशारून जाई.

एका सुगीत दादांची बायको पेंढ्या सरकवत होती. तिला सगळे वहिनी म्हणत. एक ओली पेंढी अडकली, ती तिने हाताने रेटली. मला थांबता आले नाही, मित्रांनो. पेंढी कुठली आणि बोटे कुठली, हे माझ्या दातांना कळत नाही. वहिनीची तीन बोटे गेली.

तिला गाडीत बसवताना दादा म्हणाले, "दारात हात चेंगरला म्हणून सांग. झाकण मी काढलं हे कळलं तर लोकांत तोंड दाखवता येणार नाही."

तिने तसेच सांगितले. मला धुऊन पुसून पुन्हा कामाला जुंपले. वहिनी माझ्याजवळून जाताना तोंड फिरवी, आणि मला ते योग्यच वाटे.

पुढे देशभरातल्या शेतीतल्या अपघातांची नोंद ठेवायचे ठरले. कुणाला कशाने लागते हे कळल्याशिवाय ते टाळणार कसे? एक परिचारिका घरोघर विचारत आमच्या अंगणात आली.

"दारात चेंगरला," दादांनी सांगितले.

"अहो, पुरे आता," वहिनी म्हणाली. "ताई, दार नव्हतं. हे यंत्र होतं. झाकण काढलेलं होतं."

दादा मग हळूच म्हणाले, "मीच काढलं."

"तुम्ही एकटे नाही," परिचारिका म्हणाली. "पण कुणी बोलत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं, आपल्याच घरात झालं."

सगळ्या देशातून अशी उत्तरे जमली, तेव्हा कळले की झाकण जागोजागी काढले जाते, आणि कारणही तेच. मग कारखान्यांनी ते रुंद आणि उतरते केले. पेंढी आपोआप घसरते, झाकण काढायची गरजच पडत नाही. माझ्यासारख्या जुन्या यंत्रांनाही ते मिळाले. माझे नट दादांनी स्वतः आवळले.

परवा वहिनीच्या धाकट्या जावेने पेंढी लोटताना हात बराच आत नेला. वहिनी उठून उभी राहिली. पण हात दातांच्या अलीकडेच झाकणात अडला.

"पोचत नाही ना?" वहिनीने विचारले.

"नाही."

वहिनी पुन्हा खाली बसली.

लोक आता मला सुरक्षित म्हणतात. ऐकताना मला लाजच वाटते, कारण हे शहाणपण मला तिच्या बोटांच्या मोलाने मिळाले. मित्रांनो, शेतात कुणाला लागले तर घरात झाकून ठेवू नका. सांगा. त्या सांगण्यातून ज्याचा हात वाचेल, तो तुम्हाला कधी भेटणारही नाही. तरीही सांगा.