दुसऱ्या सर्व्हरची परवानगी

तेमिरझानने आकबोताचा पेला काठोकाठ भरला आणि तिच्यापुढे सरकवला.

खोलीतलं बोलणं थांबलं. चहा थोडाथोडा, पुन्हापुन्हा वाढायचा असतो; भरला पेला म्हणजे पाहुण्याने आता उठावं. आकबोताने सावकाश एक घोट घेतला.

"आज हात फारच सैल सुटलाय, आगा," ती थोरल्या भावाला हाक मारावी तशी म्हणाली.

"विभागप्रमुख आहेस तू. तुला अर्धा पेला वाढून कसं चालेल?"

ते पद वसंतात तिला मिळालं होतं. या रुग्णवाहिका केंद्रात तेमिरझानचे केस पिकले होते, आणि पद मिळालं त्याच्या हाताखाली काम शिकलेल्या पोरीला.

आज तिची परीक्षा होती. केंद्राचे दोन सर्व्हर जोडीने उभे असत. एक पडला तर दुसऱ्याने तत्काळ ओझं उचलायचं. सकाळी संचालक कुआनिश सेरिकोविच यांच्यादेखत तिने पहिला बंद केला, आणि दुसरा उठलाच नाही. फोन घेणाऱ्या बायका धावपळीत कागदांवर पत्ते खरडू लागल्या. पहिला घाईघाईने पुन्हा चालू करावा लागला.

"जेवणानंतर परत बघू," संचालक म्हणाले होते. "तेव्हाही जमलं नाही, तर मला दुसऱ्या कुणाचा विचार करावा लागेल."

तो दुसरा कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आकबोता चहा तसाच टाकून पुन्हा कामाला लागली. पासवर्ड तपासला, दोन्ही सर्व्हरची सामाईक डिस्क तपासली. तेमिरझान दुरून बघत होता. त्याला दुखणं सकाळीच कळलं होतं. केंद्राचा संगणक-प्रोग्राम कुणा माणसाच्या नावावर चालत नाही. त्याचं वेगळं खातं असतं, आणि त्या खात्याला प्रोग्राम सुरू करण्याची परवानगी प्रत्येक सर्व्हरवर वेगळी द्यावी लागते. पहिल्यावर ती होती. दुसऱ्यावर नव्हती. चाकर दारात उभा, पण त्याला आत ये म्हणायला कुणी नाही, एवढीच गोष्ट.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्याने तळलेल्या बाउरसाकच्या घासाबरोबर गिळलं. मत्सर काही शेजाऱ्याच्या घराला काडी लावत नाही. पाण्याची घागर कुठे आहे, तेवढं मात्र सांगत नाही.

जेवणानंतर संचालक आले. आकबोता खुर्चीतून उठली आणि तेमिरझानला आदराच्या छोट्या नावाने म्हणाली,

"तेमेके, तुम्ही बसा. माझी मती गुंग झालीय."

"एवढी शिकलीस आणि शेवटी म्हातारा आठवला?"

"म्हाताऱ्यांशिवाय कुणाचं घर चाललंय, आगा?"

तो ऐटीत बसला. दुसऱ्या सर्व्हरवरच्या परवानग्या उघडल्या आणि त्याचा हात थबकला. खात्याचं नाव तिथे आधीच होतं. बिनचूक. करायला काही उरलंच नव्हतं. त्याने मान वळवली. आकबोता खिडकीबाहेरचा स्तेपचा माळ असा बघत होती, जणू आजच पहिल्यांदा पाहत असावी.

"पहिला बंद कर," तो कसाबसा म्हणाला.

तिने बंद केला. दुसऱ्याने अलगद भार घेतला. पलीकडे पडद्यांवर पत्ते सरकत राहिले. एकाही बाईला पेन उचलावं लागलं नाही.

"व्वा!" संचालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "चूक माझीच झाली, तेमेके. उद्यापासून विभाग तुम्ही सांभाळा. पोरीला अजून वेळ आहे."

आकबोताचा चेहरा उतरला. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं, त्याला ते स्पष्ट दिसलं. आता ती बोलेल, म्हणून तो वाट पाहत राहिला.

"अभिनंदन, आगा," ती म्हणाली. इतकं साधं, इतकं मनापासून. म्हणजे मोठेपणातही हीच पुढे.

तो उठला.

"कुआनिश सेरिकोविच, मी बसलो तेव्हा काम झालेलं होतं. हिने केलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मला सकाळपासून माहीत होतं. सांगितलं नाही."

 पलीकडे फोन वाजला, कुणीतरी घेतला. आकबोता त्याच्याकडे वळली. त्या बायका कागदांवर पत्ते खरडत होत्या, तेव्हाही याला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याच्याकडे रागाने बघत होती.

तेमिरझानला जरा बरं वाटलं.