कोपऱ्यातले हात

“हे वाक्य खरं नाही,” तिने भाषणाच्या चौथ्या पानावर बोट ठेवलं.

वृत्तसंपादकांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. ‘आज आपल्या देशात शाळेबाहेर एकही मूल उरलेलं नाही.’

“ताई, भाषण अध्यक्षांचं आहे. खरंखोटं त्यांचं ते बघतील. आपण फक्त सांगायचं.”

“चार मुलं आत्ता माझ्या घरात बसलीयत, साहेब.”

“मग बघतीलच की ती तुम्हाला टीव्हीवर,” ते म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं असावं, कारण लगेच त्यांनी तिच्यासाठी चहा सांगितला. “बारा वर्षं निभावलंत, आज एक दिवस. उद्यापासून ते माजी. कशाला उगाच वाकड्यात शिरता?”

बारा वर्षं ती अध्यक्षांचं प्रत्येक भाषण खुणांच्या भाषेत सांगत आली होती. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, बशीएवढ्या गोलात. काळा सदरा, हातात बांगडी नाही, बोटात अंगठी नाही. टीव्ही केंद्रात सगळे तिला ‘हातवाल्या ताई’ म्हणत. तिचा आवाज तिथे फारसा कोणी ऐकलाच नव्हता.

ही भाषा तिला कोणी मुद्दाम शिकवली नव्हती. आई जन्मापासून बहिरी, त्यामुळे वाचा फुटायच्या आधीच तिचे हात बोलू लागले. आई बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिवण शिकवायची. चार वर्षांपूर्वी पट कमी झाला म्हणून ती शाळा बंद केली आणि इमारतीत गोदाम आलं. मुलांना जवळच्या शाळांत सामावून घेतल्याचं पत्र निघालं. सामावून घेतलेली मुलं मागच्या बाकावरून मास्तरांच्या ओठांकडे बघत राहिली आणि मग एकेक करून घरी बसली. त्यांतली चार आता दिवसभर आईच्या जेवणाच्या टेबलाभोवती असत.

दुपारी चारला स्टुडिओतला लाल दिवा लागला. तिच्या कानात अध्यक्षांचा ओळखीचा, किंचित घोगरा आवाज सुरू झाला. देशाची प्रकृती ठणठणीत आहे, ते म्हणाले. मग रस्ते, पूल, धान्य, दवाखाने. तिचे हात सवयीने चालत होते. पहिल्या वर्षी याच आवाजाने नव्या शाळा जाहीर केल्या, तेव्हा ‘शाळा’ ही खूण तिने आनंदाने दोनदा केली होती.

चौथं पान आलं. इथे हात खाली ठेवायचे, असं तिने मनाशी ठरवलं होतं. एक वाक्य गळलं तर केंद्रात कोणाला पत्ताही लागला नसता. खुणा कळणारं तिथे होतं कोण? पण हात खाली ठेवले असते, तर बहिऱ्या माणसांना हा माणूस जाताजाता काय बोलून गेला ते कळलंच नसतं. खोटं ऐकायचासुद्धा त्यांना इतरांइतकाच हक्क होता. तिने वाक्य सांगितलं. शाळा. बाहेर. मूल. एकही नाही. नेहमीपेक्षा जरा सावकाश, प्रत्येक खूण स्वच्छ.

घरी पोचायला तिला साडेसहा झाले. तीन मुलं गेली होती. नऊ वर्षांची धाकटी तेवढी टेबलाशी होती. तिचे वडील कारखान्यातून सुटले की न्यायला येत. आई सदऱ्याला बटणं लावत होती. दोघींनी भाषण पाहिलं होतं. आईने तिच्याकडे एकदा बघितलं आणि ‘खाऊन घे’ एवढीच खूण केली.

धाकटी मात्र वाटेत उभी राहिली. ‘मी शाळेत जाते का?’ तिने हातांनी विचारलं.

‘नाही.’

‘मग तू तसं का सांगितलंस?’

‘मी नाही. ते म्हणाले. मी फक्त पोचवलं.’

धाकटीने मान हलवली. ‘त्यांचं नुसतं तोंड हलत होतं. सांगत तर तूच होतीस.’

तिने पर्स टेबलावर टाकली. देशभरच्या बहिऱ्या माणसांनी अध्यक्षांना कधी ऐकलंच नव्हतं, ऐकलं होतं ते तिला. आश्वासनं तिच्या हातांची, कौतुकं तिच्या हातांची, आजचं वाक्यही तिच्याच हातांचं. ते निरोप घेऊन मोकळे झाले होते. तिला उद्या याच घरात उठायचं होतं.

‘पोरीला रागावू नको,’ आईने सुई खाली ठेवून सांगितलं.

‘रागावत नाहीये.’

खुर्ची ओढून ती धाकटीसमोर बसली. ‘ते त्यांचं झालं. आता माझं सांगते. आमच्या शाळेला सुट्टी असली की मी आईबरोबर तिच्या शाळेत जायचे. तिथे घंटा नव्हती. शिपाई लाकडी जमिनीवर पाय आपटायचा, आणि सगळ्यांना तळपायातून कळायचं, तास संपला.’

‘शिपाई नव्हे, मुख्याध्यापकबाई,’ आईने मध्येच दुरुस्ती केली. ‘त्यांचंच वजन होतं तेवढं.’

धाकटी हसली. तिने तळपाय जमिनीला घट्ट टेकवून पाहिले. ‘आता तिथे काय आहे?’

‘पोती.’

‘हे टीव्हीवर सांगितलंस?’

‘नाही.’

तिने हात मांडीवर ठेवले. बाहेर अंधारून येत होतं, खोलीत काही नीट दिसत नव्हतं. धाकटीने तिची दोन्ही मनगटं धरली, हात उचलून खिडकीच्या उरल्यासुरल्या उजेडात आणले आणि पुढचं ऐकायला बसून राहिली.