कडेला उभे किसनराव

नईमने अकोल्याहून मोईजचा कॅमेरा आणला तो ठरवायला आणला होता, घ्यायला नव्हे. हे त्याने घरात इतक्या वेळा सांगितलं की त्याच्या बायकोची, शाहीनची, खात्रीच पटली, हा घेणार. कापसाला भाव नव्हता. लग्नं आटली होती, आणि जी व्हायची त्यांचे फोटो नवरदेवाचे दोस्तच मोबाइलवर काढायचे. अशा वर्षी या माणसाला मोठ्या कॅमेऱ्याचं खूळ लागलेलं. मोईज स्वतः फोटोचा धंदा सोडून मोबाइलची कव्हरं विकायला बसला होता, म्हणून तर त्याचा मोठ्या सेन्सरचा, फुल फ्रेम कॅमेरा विकायला निघाला होता. "काही दिवस वापरून पाय, मंग सांग," म्हणत त्याने तो नईमच्या गळ्यात अडकवला होता. ज्याला तो पोसता आला नाही त्याच्याकडूनच तू घेणार का, असं शाहीनने विचारलं. तिचं काही चुकत नव्हतं.

पण नईमच्या खुळाला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे अब्बांची लेन्स. अब्बांनी, इनायतुल्लांनी, रोलच्या जमान्यात अमरावतीच्या इतवाऱ्यात स्टुडिओ थाटला तो या एका रुंद लेन्सच्या जोरावर. खोली केवढीही अरुंद असो, भिंतीला पाठ लावून उभे राहिले की अख्खं बिऱ्हाड फोटोत यायचं. पुढे नईमने डिजिटल कॅमेरा घेतला, तो क्रॉप सेन्सरचा, कारण तोच झेपत होता. त्यावर तीच लेन्स चढवली आणि तेव्हापासून कडा गेल्या. लेन्स पाठवते पूर्वीएवढंच. पण चित्र टिपणारा आतला सेन्सर लहान, त्यामुळे ताटभर वाढलेलं असताना वाटीभर उचलावं तसा तो मधलं तेवढं घेतो आणि बाकीचं सोडून देतो. इतकी वर्षं नईम लग्नघरांतून मागे सरकत भिंतींवर आपटत होता आणि लोकांना सांगत होता, जवळ या, आत या, अजून आत या.

मोईजच्या कॅमेऱ्यावर लेन्स झकास बसली. दुकानाच्या दारात उभं राहून नईमने डोळा लावला आणि त्याचा जीव सुपाएवढा झाला. पलीकडचा बांगडीवाला, त्याच्या बाजूची हातगाडी, आपल्याच दुकानाच्या फळीचं टोक, सगळं आत. त्याने कॅमेरा अब्बांच्या हातात दिला. अब्बांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी दुसरा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"पूरा आया रे," ते म्हणाले. "कोन्यापर्यंत."

घेणं ठरल्यातच जमा होतं. त्याच दुपारी इंदूबाई दुकानात आल्या.

इंदूबाई नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या, दीक्षाच्या, लग्नाचे फोटो नईमनेच काढले होते. त्याने स्टूल पुढे केलं, पण बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "नईमभाऊ, दीक्षाचे बाबा गेले."

किसनराव लोकांच्या शेतात फवारणीला जायचे. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, आणि तिच्यात शिरून पंप मारायचा म्हणजे औषध आपल्याच तोंडावर घ्यायचं. आधी त्यांना डोळ्यांनी धूसर दिसायला लागलं, मग उलट्या, मग दवाखाना, मग काही नाही. वऱ्हाडात त्या हंगामात असे कितीतरी गेले. कोणी म्हणालं तोंडाला फडकं बांधलं नव्हतं, कोणी म्हणालं वाऱ्याची दिशा पाहिली नाही. मेलेल्याचीच चूक काढायची आपल्याकडे रीत आहे, ती झाडून सगळ्यांनी पाळली.

"रविवारी पुण्यानुमोदन हाये," इंदूबाई म्हणाल्या. "बुद्धाच्या अन् बाबासाहेबाच्या फोटोपाशी त्यायचा फोटो ठेवा लागते. आधार कार्डावरचा हाये, पन थो त्यायचा वाटतच नाही, डोये अर्धे मिटेल हायेत. पोराच्या, ललितच्या, मोबाइलात होते दोन-चार, थो मोबाइल पान्यात गेला. तुमी लग्नात काढले ना? पांढरा सदरा घातला होता त्यायनं. लय हासले होते त्या दिवशी. त्यातला काढून द्या."

"देतो काकू," नईम म्हणाला. "त्यात काय."

हे काम त्याला नवं नव्हतं. खरं सांगायचं तर अलीकडे दुकान त्याच्यावरच तगून होतं. आपल्याकडचा कष्टकरी माणूस एकटा म्हणून कधी फोटोला उभा राहत नाही. तो कोणाच्या तरी लग्नात, कोणाच्या तरी शेजारी उभा राहतो आणि तोच चेहरा पुढे कापून भिंतीवर जातो. नईमने डोक्यावरचे फेटे पुसायचे, खांद्यावर पडलेला मेव्हण्याचा हात काढून टाकायचा, मागे आकाशी रंग भरायचा. लोक रडत घेऊन जायचे आणि जाताना आभार मानायचे.

त्याने दीक्षाच्या लग्नाचे फोटो संगणकावर उघडले. इंदूबाई स्टूल ओढून जवळ बसल्या. मांडवात दीक्षा, दीक्षाच्या शेजारी नवरदेव, हार, भन्तेजी, वराकडचे पाहुणे, पुन्हा पाहुणे. किसनराव नव्हते. पंगतीच्या फोटोत एक पाठ दिसली, हातात वरणाची बादली, मान खाली. "हे तेच," इंदूबाई म्हणाल्या, "पन तोंड पाह्यजे ना." पाठवणीच्या फोटोंत तर ते कुठेच नव्हते. तेव्हा ते गोठ्यामागे जाऊन रडत होते, असं इंदूबाईंनीच सांगितलं.

शेवटी राहिला घरातला फोटो, मांडवात निघायच्या आधीचा. पत्र्याची अरुंद खोली, सगळे एका ओळीत. डाव्या कडेला दाराजवळ पांढऱ्या सदऱ्याचा एक खांदा आणि कोपरापर्यंत हात. बाकी काही नाही.

नईमला सगळं आठवलं. त्याची पाठ भिंतीला टेकलेली, मागे जायला बोटभर जागा नाही. "काका, थोडे आत या," तो म्हणाला होता. "माहं राहू द्या, पाहुने घ्या," किसनराव हसत म्हणाले होते, आणि त्याने बटण दाबलं होतं.

इंदूबाईंनी त्या खांद्यावर बोट ठेवलं. "हे पाहा, इथंच हायेत ते. थोडं बाजूले सरकवा ना."

नईमला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांना वाटत होतं फोटो पुढे आहे, फक्त पडद्याच्या बाहेर गेलाय, बाजूला ओढला की येईल.

"पुढं नाही काकू. इथंच संपते."

"कसं संपते? ते उभे होते ना तिथं. म्या पाह्यलं."

त्याने आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून दिला. जेवढा मोठा केला तेवढा तो फुटत गेला, आणि अर्धे मिटलेले डोळे काही केल्या उघडले नाहीत. पैसे घेतले नाहीत. पण त्याने बरं वाटेल म्हणता, तेही वाटलं नाही.

रविवारी तो मोईजचा कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी गेला. कोणी बोलावलं नव्हतं. त्याच खोलीत, त्याच भिंतीला पाठ लावून त्याने डोळा लावला. वंदना चालली होती. मेणबत्त्या, माणसं, ललित, माहेरी आलेली दीक्षा, तो फुटलेला फोटो, आणि डाव्या कडेला दार, उंबरठ्यासकट. सगळं आलं. दारापाशी कोणी नव्हतं.

वंदना आटोपल्यावर इंदूबाई जवळ आल्या. "हा नवा घेतला काय? पाहू द्या." त्यांनी मागच्या पडद्यावर वाकून पाहिलं. "यात तं दार बी येते."

"हो काकू. हा मोठा हाये."

"मंजे हा तवा असता तं ते आले असते?"

"आले असते," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. जुन्याच कॅमेऱ्याने, जरासं डावीकडे वळून आणखी एकदा बटण दाबलं असतं, तरी किसनराव आले असते, हसत, पांढऱ्या सदऱ्यात, उघड्या डोळ्यांनी. मुलीच्या बापाचा एकट्याचा फोटो कोणी सांगितला नव्हता, म्हणून त्याला सुचला नव्हता. एवढंच. आणि आता त्याने सगळा दोष एका यंत्रावर टाकून दिला होता, आणि या बाईने तो मुकाट्याने खरा मानला होता.

"मंग घ्याच हा," इंदूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाचं मानूस असं कडेले राहू नये."

दुसऱ्या दिवशी त्याने अकोल्याची गाडी धरली आणि कॅमेरा परत केला. मोईजने उलटसुलट करून पाहिला. "काहून बे? खराबी निघाली काय?"

"अब्बाची लेन्स बसत नाही," नईम म्हणाला.

"बसते लेका. माह्यासमोर बसवली तू."

नईम परतीच्या गाडीला निघाला. घरी शाहीनने सुटकेचा निःश्वास टाकला. अब्बांनी एकदाच विचारलं, वो बडावाला किधर गया.

नंतरचं लग्न धामणगाव रेल्वेला होतं. नईम जुनाच कॅमेरा घेऊन गेला. मांडवात नवरीची वाट पाहत सगळे बसले होते, तर हा नवरीच्या बापाला शोधत स्वयंपाकाच्या चुलीपाशी गेला आणि त्याला हाताला धरून बाहेर आणलं. पुंजाजी त्याचं नाव. पांढऱ्या भिंतीसमोर त्याला एकट्याला उभं केलं.

"माहा काहून काढता?" पुंजाजी ओशाळून म्हणाला. "पोरीचा काढा."

"काढतो. पयले तुमचा एक राहू द्या. हासा थोडं."

पुंजाजी लाजत लाजत हसला. नईमने बटण दाबलं आणि पडद्यावर पाहिलं. डोळे उघडे, चेहरा स्वच्छ, खांद्यावर कोणाचा हात नाही, मागे कोरी भिंत. चांगला निघाला, त्याच्या मनात आलं, हार घालायची वेळ आली तर याला कापावं लागणार नाही.

मनात काय आलं ते त्याला लगेच कळलं. समोर पुंजाजी अजून हसतच उभा होता, दुसरा काढायचा असेल म्हणून, आणि नईमला त्याच्या तोंडाकडे पाहवेना.