कासऱ्याचा चहा

आई गेली तेव्हा चैत्र होता आणि मोखाड्याजवळच्या आमच्या पाड्यावरची विहीर तळाला गेली होती. मी जव्हारच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. रजा टाकून आले. बा जेवत नव्हता. ताट समोर आलं की सरकवायचा. त्याला हवा होता आईचा कोरा चहा, गूळ आणि घरामागचा गवती चहा घालून उकळलेला. पण गेलेल्या माणसाच्या हातच्या झाडाला त्याचे दिवसकार्य होईपर्यंत विळा लावायचा नाही, ही आमच्या पाड्याची रीत.

म्हणून मी जव्हारहून टी-बॅगचा खोका आणला. खोक्यावर गवती चहाचं हिरवंगार चित्र होतं. गुळाच्या गरम पाण्यात एक पुडी सोडली, दोरी कपाबाहेर ठेवली.

शेजारची कोंडीकाकी बघत होती. ती बाला म्हणाली, "पोश्या, तुझ्या मास्तरीणबाईनं चहाला कासरा बांधलाय रं. पळून जाईल म्हणून!"

बानं घोट घेतला. "रंग हाय," म्हणाला, आणि कप घेऊन मागल्या दारानं बाहेर गेला.

नंतर मी पुड्या फाडून पातेल्यात उकळल्या. त्या भुकटीनं सगळा कडवटपणा एकदम सोडला. वास आलाच नाही. मग बाजारातून बाटलीतला लिंबाचा चहा मागवला.

"हे सरबत हाय, पोरी."

कप मात्र रिकामाच परत यायचा. तो ओतून देतो हे मला कळत होतं. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या आणि मी गूळ वाढवत होते.

मग मागल्या दारात मुंग्यांची रांग दिसली. तिच्यामागे गेले. रांग गवती चहाच्या बेटाशी संपत होती. तिथली माती ओली होती. बाहेरची पाती वाळली होती, मधले कोंब हिरवे. आई तिथं भांडी विसळायची. ती गेल्यापासून त्या बेटाला पाणी नव्हतं, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"बा, पाणी घालायचंस ना."

"कोंडी डोईवर आणते ते पाणी झाडाला घालू? तुझा चहा तसाबी कोण पीत होता?"

आईचे दिवस झाले. बानं स्वतः विळा घेतला, मोजकीच पाती कापली. चुलीवर उकळी आली आणि घरात तो वास पसरला, तसा तो भिंतीकडे तोंड करून बसला. मी कप त्याच्या हातात दिला. त्यानं घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला, मग गिळला.

"तिच्यावानी नाय झाला."

मी चुलीतली लाकडं मागं ओढली.

"भाकर वाढ," तो म्हणाला.