चतुराबाईचा फिश फाइंडर

बडनेऱ्याच्या रेल्वे यार्डात खलाशी, म्हणजे डबेदुरुस्तीतली मदतनीस, म्हणून राबलेली चतुराबाई रिटायर झाली आणि तिनं प्लॅस्टिकची कयाक घेतली. एका माणसानं बसून वल्हवायची लांबुळकी होडी. लहानपणी बाप तिच्या भावांना गळ टाकायला न्यायचा आणि तिला काठावर पिशवी धरून उभं ठेवायचा. ते तिच्या मनात राहिलं होतं. चांदूर बाजारकडच्या धरणावर तिनं मासेमारीचा पास काढला. आता तर फिश फाइंडरही मागवला होता. पाण्यात आवाज सोडून तळ किती खोल आणि मासा कुठं, हे पडद्यावर दाखवणारं यंत्र.

ते बसवायला ती अंगणात बसली, त्याच सकाळी मुलगा ललित अकोल्याहून गाडी घेऊन आला.

"आई, राहू दे ते. बॅग भर. तुयासाठी खोली तयार आहे."

"खोलीत मासे आहेत काय?" ड्रिल मशीनवरची नजर न काढता तिनं विचारलं.

"लोक मले विचारतात, आईले पेन्शन पुरत नाही काय."

"त्याईले सांग, आईले घर पुरत नाही."

तिनं होडीला वायरसाठी भोक पाडलं, त्यात रबर बसवलं. बॅटरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली. पडदा गुडघ्यांपुढे, पण वल्हं लागणार नाही असा जरा बाजूला कसला. आवाज सोडणारा सेन्सर तिनं आदल्या दिवशीच होडीच्या पोटात, आतल्या बाजूनं सिलिकॉननं चिकटवला होता. मग कयाक टेम्पोवर चढवली. ललित चिडून मागोमाग निघाला.

धरणावर मच्छीमार संस्थेचा सूर्यभान चार माणसांसोबत जाळं निवडत होता. चतुराबाईनं लाईफ जॅकेट चढवून होडी पाण्यात लोटली. पडद्यावर आकडा उमटला, थरथरला आणि गेला. मग नुसता करडा पडदा.

"बाई, धरण आटलं काय?" सूर्यभान ओरडला. माणसं हसली.

"झालं ना समाधान?" काठाशी आलेल्या तिला ललित म्हणाला. "चाल आता."

तिचा चेहरा तापला. यार्डात पहिल्यांदा पाना उचलला तेव्हाही सोबतचे पुरुष असेच हसले होते. तिनं होडीत हात घालून चाचपलं, तर सिलिकॉनखाली हवा अडकलेली. हवेतून आवाज पुढं जाईना. तिनं चाकूनं सेन्सर सोडवला. "याले आता पाण्यातच सोडते."

शेजारच्या वावरातून ती पाईपाचा तुकडा मागून आली. सेन्सर त्याच्या टोकाला बांधला आणि पाईप होडीच्या कडेला उभा लावला.

"हे धर," ती म्हणाली.

ललितनं धरला. पटलं म्हणून नाही, सोडला असता तर पडला असता म्हणून. तिनं क्लॅम्प आवळला.

या वेळी तळाची रेघ स्वच्छ आली. होडी पुढं गेली तशी रेघ एकदम खाली उतरली. धरणाखाली बुडालेलं नदीचं जुनं पात्र होतं ते. त्या खोलीवर माशांच्या, कमानीसारख्या खुणा दिसू लागल्या. चतुराबाईनं तिथंच गळ सोडला. बराच वेळ काही नाही. मग दोरीला हिसका बसला, आणि हात भरून येईपर्यंत झुंजल्यावर एक कटला होडीत आला.

ती काठाला लागली तेव्हा सूर्यभान उठून जवळ आला. "उद्यापासून हे मशीन आणू नका. सगळे मासे तुमीच नेसान."

"पासावर मनाई लिहिली असन तर दाखवा."

त्यानं मान खाजवली. "बायाईनं एवढ्या आत जाऊ नये."

"मग तुमी पाहू नका."

सूर्यभान जाळ्याकडे वळला. कोणी हसलं नाही. ललितनं कटला गोणपाटात गुंडाळून आपल्या गाडीच्या डिक्कीत ठेवला.

"म्हणजे येतच नाही तू?"

"येईन ना. पावणी म्हणून येईन, चार दिवस राहीन, वापस येईन."

त्यानं डिक्की आपटून लावली. "जॅकेटचा पट्टा ढिला आहे तुया," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

तिनं पट्टा ओढून घेतला आणि वल्हं उचललं. अजून ऊन होतं, आणि त्या जुन्या पात्राचं पलीकडचं टोक तिनं पाहिलं नव्हतं.