डोळ्यातला मणी

मी दांडी गावची जमुना. चाळीस वर्षं बोईसरच्या बाजारात मासळी विकली. ताजी की शिळी ते मी डोळ्यावरून सांगते. डोळा चकचकीत तर ताजी, पांढुरका तर आतून सडायला लागली. एवढं सोपं हाय.

म्हणून चौऱ्याण्णव साली आरशात माझाच उजवा डोळा पांढुरका दिसला, तेव्हा मनात पक्कं बसलं. मी आतून सडले, आता काय खरं नाय. मुलाला, आत्मारामला, चकार शब्द बोलले नाय. पुढे डावाही अंधुक झाला. मग बाजारातली जागा सून मंदाला दिली आणि सहा महिने मरणाची वाट बघत घरात बसले. मंदाने डॉक्टरचं नाव काढलं की तिच्यावर खेकसायचे.

शेवटी एक दिवस तिने माझं काय ऐकलं नाय. हाताला धरून एसटीत बसवलं आणि पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी बॅटरी मारून बघितलं. मी सरळ विचारलं, "किती दिवस उरले? शिळ्या मासळीचं मला कळतं."

बाई हसल्या नाय. म्हणाल्या, "मावशी, कालवणातल्या माशाच्या डोळ्यात पांढरा मणी असतो ना? कच्चा असताना कसा असतो?"

"काचेवानी."

"त्यात प्रथिनं असतात, अंड्याच्या बलकाभोवती असतात तशी. चुलीवर त्यांच्या गुठळ्या होतात. तुमच्या डोळ्यातल्या मण्यातही तेच झालंय, वयाने, हळूहळू. बाकी शरीर बिघडलेलं प्रथिन मोडून नवं बनवतं. मण्याच्या आत ती सोय नाही, जुनंच जन्मभर पुरवायचं. त्याला सांभाळणारी प्रथिनंही तिथे असतात, पण तीही थकतात. हा मोतीबिंदू."

मोतीबिंदू काय मी ऐकला नव्हता? पण तो दुसऱ्यांना होतो.

"म्हणजे मी सडले नाय?"

"अजिबात नाही. मणी बदलला की झालं."

मला तिथेच रडू फुटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

ऑपरेशननंतर पट्टी सुटली तेव्हा समोर मंदा उभी होती. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. पहाटे बंदरावर, दिवसभर बाजारात, घरी आल्यावर माझी बोलणी. हे मला दिसलंच नव्हतं, आणि त्यात सगळा दोष काय डोळ्याचा नव्हता.

"पोरी, लय छळलं मी तुला," मी म्हटलं.

तिने पदराने डोळे पुसले. "आई, चला आता घरी."

"थांब," मी म्हटलं, "आधी दुसऱ्या डोळ्याची तारीख घे."